त्रयोदशीचा किनारा

नांदेड-लातूरच्या माणसाला समुद्र मुद्दाम जाऊन गाठावा लागतो. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या आमच्या नद्या पूर्वेची वाट धरून बंगालच्या उपसागराकडे निघून जातात आणि अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडेच राहतो. लातूरहून सकाळी निघाल्यास बार्शी, टेंभुर्णी, पुणे, ताम्हिणी घाट आणि माणगाव अशी मजल मारता मारता दिवस कलतो, तेव्हा कोठे खाऱ्या वाऱ्याचा पहिला स्पर्श अंगाला होतो. अशा मुलखातील वाचकांपुढे, पतंगाच्या ओढीने वाळूवर गाडी आणि फळी पळविण्याच्या खेळासाठी किनारा कसा निवडावा हा विषय मांडण्यास एक सबळ कारण आहे. ज्याचे घर किनाऱ्यालगत आहे त्याला निवडीची फारशी फिकीर करावी लागत नाही; आज वारा पडला तर तो उद्या जाईल, आज पाणी वर चढले असेल तर चार घटका थांबेल. वर्षाकाठी एकदा रजा मंजूर करून घेऊन पाचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट तुडविणाऱ्याला मात्र स्थळाबरोबर तिथी आणि प्रहरही घरूनच ठरवून निघावे लागते. ते तसे ठरविता येतात, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक साधन आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या वाहनाचे स्वरूप पाहू. पतंगगाडी ही तीन चाकांची, पोलादी नळ्यांची, अगदी बसकी अशी गाडी असते. स्वाराचे आसन जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते, आणि दोन्ही हात पतंगाच्या दोऱ्यांत गुंतलेले असल्यामुळे पुढचे चाक त्याला पायांनी वळवावे लागते. फळी त्याहून साधी असते: लाकडाची लांबट पट्टी, तिच्या खाली हवा भरलेली चार लहान चाके, वर पावले अडकविण्याचे पट्टे, आणि वळण घ्यावयाचे ते अंगाचा तोल एका बाजूस झुकवून. या दोहोंना ओढणारा पतंग मात्र संक्रांतीच्या पतंगाचा दूरचाच नातलग म्हणावा लागेल, कारण त्याला कामटी नसते, कागद नसतो आणि मांजाही नसतो. दुहेरी कापडाच्या मधोमध आडपडदे शिवून केलेले कप्पे समोरून येणाऱ्या वाऱ्याने फुगतात आणि त्या कापडालाच पंखाचा आकार येतो. त्याचे क्षेत्रफळ दोन-तीन चौरस मीटरांपासून दहा चौरस मीटरांपर्यंत वा त्याहूनही अधिक असते, आणि वीस-पंचवीस मीटर लांबीच्या, अत्यंत चिवट अशा कृत्रिम धाग्याच्या चार दोऱ्यांनी तो स्वाराच्या हातातील मुठींना जोडलेला असतो. वरच्या दोन दोऱ्या ओढ वाहतात, खालच्या दोन आवळल्या की पतंग मागे रेलून शक्ती सोडतो आणि जमिनीवर उतरतो. उतरलेल्या पतंगाच्या मागच्या कडेवर दोन ओंजळी वाळू टाकून ठेवावी लागते, नाही तर वाऱ्याची एक झुळूक त्याला पुन्हा उठविते.

आमच्याकडच्या मुलाला ढील आणि खेच यांचे मर्म उपजतच ठाऊक असते, त्यामुळे या पतंगाचे मूळ तत्त्व त्याला समजावून देण्यास वेळ लागत नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता पतंग डोक्यावर, माथ्याशी असेल तेव्हा त्याची ओढ सौम्य असते. तोच समोर खाली गोता खाऊ लागला की ओढ एकाएकी वाढते, आणि स्वाराच्या अगदी समोर, वाऱ्याच्या धारेच्या मध्यभागी ती सर्वाधिक होते. यात दुसरी गोष्ट भरते ती वाऱ्याच्या वेगाची. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १२ किलोमीटरांचा वारा २४ वर गेला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. या एका नियमाचे विस्मरण झाल्याने धडधाकट माणसे उचलली जाऊन आपटल्याचे दाखले या खेळात जगभर आहेत, आणि म्हणूनच शिरस्त्राण, कोपर-गुडघ्यांचे संरक्षण आणि मूठ सोडताच पतंग निष्प्राण करणारे मनगटबंद यांवाचून त्याला हात घालू नये.

हा खेळ वाटतो तितका आजकालचा नाही. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी सिमॉन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने राजपुत्र मॉरिससाठी शिडाची गाडी तयार करून ती श्केव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पिटाळली, आणि त्या गाडीला धावण्यास ओहोटीची कठीण वाळूच उपयोगी पडली. पुढे ब्रिस्टॉलमधील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व घेतले. घोडा नसल्यामुळे त्या गाडीवर रस्त्याची जकात कोणत्या दराने आकारावी हे नाकेदारांना उमगेना आणि ती फुकट सोडावी लागे, अशी कथा सांगतात. क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झालेले डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हे या पोकॉकचे दौहित्र होत, ही गोष्ट आमच्या क्रिकेटवेड्या वाचकांना जाता जाता सांगावीशी वाटते. वाऱ्याने फुगणाऱ्या कप्प्यांचा कापडी पंख डॉमिना जॅलबर्टने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सिद्ध केला, आणि १९९० च्या सुमारास न्यूझीलंडमधील पीटर लिन या पतंगकाराने हलकी, तीन चाकांची, पायांनी वळणारी गाडी बनवून या खेळाला आजचे रूप दिले. डेन्मार्कमधील फॅनो आणि र्‍योम्यो ही बेटे, जर्मनीतील सांक्ट पेटर-ओर्डिंग, बेल्जियमचा दे पाने, आणि समुद्राशी काही संबंध नसलेले अमेरिकेतील इव्हनपा हे कोरडे सरोवर ही त्याची नामांकित मैदाने आहेत. तेथे ताशी शंभर किलोमीटरांपलीकडचे वेग नोंदले गेले आहेत.

या नामांकित स्थळांचे साम्य पाहू गेल्यास तीन गोष्टी हाती लागतात: वाळू बारीक आणि सपाट, ओहोटीने उघडे पडणारे मैदान रुंद, आणि वारा किनाऱ्याला आडवा व अखंड. आपल्या कोकणात या तिन्ही गोष्टी आहेत, परंतु त्या एके ठिकाणी, एकाच वेळी क्वचित सापडतात. त्यांचा मेळ कोठे आणि केव्हा बसतो हे हुडकणे हीच किनाऱ्याची निवड.

वाळूपासून आरंभ करू. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चाक रुतते हे बैलगाडी हाकणाऱ्यास सांगावयास नको. चिंब, पाण्याने तुडुंब भरलेल्या वाळूतही ते रुतते. या दोन अवस्थांच्या मधली, नुकतीच पाण्याखालून मोकळी झालेली, दमट वाळू मात्र सडकेसारखी कठीण असते, कारण कणांच्या फटींत राहिलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा त्या कणांना एकमेकांशी आवळून धरतो. कण जितके बारीक तितक्या फटी लहान, आणि तितकी ही पकड घट्ट. जाड वाळूतून पाणी भराभर निथळून जाते, लाटा तिचा उभा उतार रचतात आणि ती कायम सैल राहते. बारीक वाळूचा किनारा उलट मंद उताराचा, पसरट असतो. म्हणून किनाऱ्यावर उतरताच लाटांकडे पाहावे. लाटा दूरवर, एकामागून एक अशा तीन-चार ओळींत फुटत असतील तर उतार मंद आहे असे समजावे. एकच लाट अगदी काठाशी येऊन धबकन आपटत असेल तर तेथे गाडी उतरविण्याचे श्रमच घेऊ नयेत.

दुसरी परीक्षा पायाची. दमट वाळूवर अनवाणी उभे राहून टाचेवर भार द्यावा आणि पावलाभोवती काय घडते ते निरखावे. वाळू चांगली बसलेली असेल तर पावलाच्या कडेने हातभर रुंदीचे वर्तुळ क्षणार्धात फिकट, कोरडे दिसू लागते, आणि पाऊल उचलल्यावर तेथे पाणी चमकते. घट्ट रचलेले कण भार पडताच एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात आणि पृष्ठावरचे पाणी आत शोषले जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याची मीमांसा केली. जेथे असे कोरडे वलय उमटते तेथे चाक निर्धास्त सोडावे. जेथे पाऊल घोट्यापर्यंत जाते आणि भोवतालची वाळू थलथलते, तेथून, विशेषतः खाडीच्या मुखाजवळून, माघारी फिरावे. दमट वाळूवर मोहरीएवढ्या वा वाटाण्याएवढ्या बारीक गोळ्यांची नक्षीही मांडलेली आढळते. ती लहान खेकड्यांची कारागिरी असून, पाणी उतरून किती वेळ झाला याचा अंदाज तिच्या दाटीवरून येतो, कारण पाणी वाळूवरून ओसरल्यानंतरच ते प्राणी बिळांतून वर येऊन कामास लागतात.

आता भरती-ओहोटी. उघडे पडणाऱ्या वाळूची रुंदी दोन राशींवर अवलंबून असते, पाणी किती चढते-उतरते यावर आणि किनाऱ्याचा उतार किती यावर. पाणी चार मीटर उतरत असेल आणि किनारा पन्नास मीटरांस एक मीटर असा कलता असेल, तर दोनशे मीटर रुंदीचे मैदान मोकळे होते. तोच कल दहास एक असेल तर चाळीस मीटरच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जसजसे उत्तरेस जावे तसतशी पाण्याची ही चढउतार वाढते: गोव्याच्या बाजूस उधाणातही ती दोन-अडीच मीटरांपलीकडे सहसा जात नाही, मुंबईस चार ते पाच मीटर होते, आणि खंबायतच्या आखातात दहा मीटरही ओलांडते. यावरून एक व्यवहारी अनुमान निघते. सिंधुदुर्गाचे किनारे निसर्गशोभेत अग्रगण्य असले तरी या खेळासाठी रायगड आणि पालघर जिल्ह्यांचे किनारे अधिक सोईचे. डहाणू तालुक्यातील बोर्डीला ओहोटीच्या वेळी समुद्र इतका मागे हटतो की चिकूच्या वाड्यांतून बाहेर पडणाऱ्या नवख्या माणसाला पाणी शोधीत जावे लागते. तेथे सावधगिरी एवढीच, की फार आत गेल्यावर वाळूची जागा चिखल घेतो.

रुंदी कळली, परंतु ती वेळ कोणती? कोकणातील कोळी आणि खलाशी यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब वापरीत आले आहेत, आणि तो घाटावरच्या माणसानेही पाठ करून ठेवावा इतका सोपा आहे. शुद्ध असो वा वद्य, पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास, दिवसा आणि रात्री असे दोन्ही वेळा, भरती पूर्ण होते, आणि तेथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या पुढेमागे ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती. चंद्राला पृथ्वीभोवतीच्या आपल्या फेरीमुळे रोज उगवण्यास सरासरी पन्नास मिनिटे उशीर होतो, त्याचेच हे गणित आहे. स्थळपरत्वे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकांवरून दुरुस्त करून घ्यावा. परंतु प्रवासाचा दिवस निवडण्यास ही पाऊणकी पुरेशी आहे.

वाऱ्याचा प्रहर या हिशेबाशी जुळवून पाहिला की खरी निवड होते. शालेय भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. कोकणात रात्री आणि पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, मंद आणि लहरी वारा वाहतो. डोंगर, माड आणि घरे यांना ठेचकाळत येत असल्यामुळे तो तुटक असतो आणि पतंगाला भरवशाचा नसतो. सूर्य चढतो, जमीन तापते, दुपारी बारा-एकच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, तीन ते पाच या वेळात भरास येतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. आरंभी तो सरळ पश्चिमेकडून येतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळत वळत तिसऱ्या प्रहरी वायव्येचा होतो. कोकणचा किनारा साधारणतः उत्तर-दक्षिण पसरलेला असल्यामुळे हा वायव्य वारा त्याच्यावर तिरपा पडतो; आणि पतंगगाडीला वारा पाठीवर नको असतो, तोंडावर तर नकोच, तो आडवा वा तिरपा हवा असतो, कारण त्याच वाऱ्यावर जाणे आणि मुळच्या जागी परत येणे अशा दोन्ही फेऱ्या साधतात. माघापासून वैशाखापर्यंत हा वारा उत्तरोत्तर बळावत जातो. आषाढ-श्रावणात वारा याहून पुष्कळ जोराचा असतो हे खरे, परंतु त्या दिवसांत समुद्र खवळलेला, वाळू वाहून गेलेली आणि पावसाच्या सरीबरोबर वाऱ्याची झड अकस्मात दुपटीने वाढणारी; चौपटीचा नियम ज्याने ध्यानात ठेवला आहे तो त्या ऋतूत किनाऱ्याच्या वाटेस जाणार नाही.

तेव्हा वारा तीन ते पाचला, आणि ओहोटीही त्याच वेळेस हवी. मागे हिशेब करीत गेल्यास भरती सकाळी पावणेदहा-दहाला हवी, आणि तेराची पाऊणपट पावणेदहा! द्वादशीला ओहोटी सव्वातीनच्या सुमारास, त्रयोदशीला चारला, चतुर्दशीला पावणेपाचला, पौर्णिमेस वा अमावास्येस साडेपाचला. ओहोटीच्या मागेपुढे दोन-दोन तास वाळू मोकळी असते, असे धरल्यास त्रयोदशीला दोनपासून सहापर्यंत मैदान आणि वारा एकत्र मिळतात. त्यातही सुखाची गोष्ट अशी की पौर्णिमा-अमावास्येकडे उधाण चढत असल्यामुळे याच दिवसांत पाणी अधिक दूर जाते. उलट पंचमी-षष्ठीस जो जाईल त्याला वारा ऐन भरात असताना पाणी सुरूच्या बनाशी टेकलेले दिसेल, आणि किनाऱ्याला बोल लावून तो परत येईल. किनारा तोच असतो. दर महिन्यास शुद्ध आणि वद्य अशा दोन त्रयोदश्या येतात. त्यांच्याभोवतीचे तीन-चार दिवस धरले तर माघ ते वैशाख या चार महिन्यांत घाटावरच्या माणसाला पुरेशा संधी मिळतात, आणि त्यांतून शनिवार-रविवार वगळलेले बरे, कारण सुटीच्या दिवशी ओहोटीचे मैदान पर्यटकांच्या गर्दीने भरलेले असते. माणसांच्या डोक्यांवरून ताणलेल्या दोऱ्या फिरविणे हा अक्षम्य अविचार आहे.

एखाद्या विशिष्ट किनाऱ्यावर गेल्यावरही त्याचा कोणता भाग धरावा हा प्रश्न उरतोच. कोकणचे बहुतेक किनारे दोन डोंगरसोंडांच्या मध्ये धनुष्यासारखे वळलेले असतात. वारा वायव्येचा असल्यामुळे उत्तरेची सोंड आपल्या लगतच्या वाळूवर आडोसा पाडते, तेथे वारा भोवऱ्यात सापडून कधी नाहीसा होतो, कधी उसळी घेतो. यास्तव किनाऱ्याचा मध्य आणि दक्षिणेकडचा भाग पसंत करावा, आणि दक्षिणेस खाडीचे मुख असेल तर तेथल्या रुतणीपासून दूर राहावे. किनाऱ्याला छेदून येणारे व्हाळ, म्हणजे ओढे, पाहून ठेवावेत. ओहोटीत त्यांचे पात्र वीत-दोन वीत खोल कापलेले असते आणि वेगात येणारे पुढचे चाक त्यात अडकल्यास गाडी उलटते. म्हणून पतंग उघडण्यापूर्वी धावेची संपूर्ण लांबी एकदा पायी चालून पाहावी. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर, अलिबागच्या दक्षिणेचे आक्षी आणि नागाव, दापोलीजवळचे मुरूड-कर्दे आणि लांबीने मोठा असा गुहागर हे किनारे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. अलिबाग परिसरात वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत, ही वाळूच्या कठीणपणाची स्थानिकांनी दिलेली साक्षच समजावी. हर्णैच्या बंदरातही मचव्यांपासून मासळी वाहून आणणाऱ्या बैलगाड्या ओल्या वाळूवरून चालतात, परंतु तेथे तिसऱ्या प्रहरी लिलावाचा बाजार भरत असल्यामुळे आपण खेळाचे साहित्य घेऊन त्या गर्दीत शिरणे सर्वथा अनुचित.

याच संदर्भात मला जे कळकळीने सांगावयाचे आहे ते हे, की किनारा हे आपल्यासाठी मैदान असले तरी दुसऱ्यांचे ते शेत आहे. जाळी वाळत घातलेली असतात, होड्यांचे दोर वाळूत पुरलेले असतात, दक्षिणेकडे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणारे वीस-पंचवीस माणसांचे दोन तांडे पाण्यापासून सरकत वर येत असतात. शेताच्या बांधावरून परक्याने गाडी घातली तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावा लागू नये. गावात गेल्यावर प्रथम कोळीवाड्यात जाऊन वडीलधाऱ्या माणसास काका-मामा म्हणून विचारावे, कोणत्या भागात जाळी आहेत, कोठे रुतण आहे, आज वारा किती वाजता फिरेल. कोणत्याही पुस्तकाहून अधिक माहिती तेथे मिळते. ग्रामपंचायतीस सांगावे आणि पोलीस ठाण्यास अर्ज देऊन परवानगीचा कागद जवळ बाळगावा. किनारपट्टीला १९९१ पासून नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, आणि आपल्या १९३४ च्या विमान अधिनियमाने तर विमानाच्या व्याख्येतच पतंगाचा अंतर्भाव केला होता. त्या अधिनियमाची जागा २०२४ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. आकाशात काही उडविण्याचा विषय शासनाने किती गांभीर्याने धरला आहे, हे यावरून ध्यानी यावे.

याहून मोठी जबाबदारी कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्री वर येऊन भरतीच्या रेषेपलीकडच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात आणि पिले साधारणतः फाल्गुनापासून बाहेर पडू लागतात, म्हणजे आपल्या खेळाचा आणि त्यांच्या जन्माचा हंगाम एकच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या सहकार्याने त्यांच्या रक्षणाचे काम उभे केले, आणि पुढे अंजर्ल्यासारख्या इतर गावांतही ते पसरले. नुकतेच अंड्यातून निघालेले पिलू तळहाताहून लहान असते. चाकाने पाडलेली चार बोटे खोल चाकोरी त्याला दरीसारखी वाटते, आणि तीत अडकून ते चाकोरीच्याच दिशेने रखडत राहते, समुद्राला लंबरेषेत जात नाही. ओल्या वाळूवरची आपली चाकोरी पुढची भरती पुसून टाकते, कोरड्या वाळूवरची तशीच राहते. त्यासाठी वेळास, अंजर्ले यांसारखी घरट्यांची गावे या हंगामात खेळासाठी वर्ज्य मानावीत, इतर ठिकाणीही गाडी हातांनी ढकलतच ओल्या पट्ट्यापर्यंत न्यावी, कोरड्या वाळूवर पडलेली चाकोरी परतताना पायांनी बुजवावी, आणि सूर्य मावळण्यापूर्वी किनारा रिकामा करावा. एवढे करण्याची तयारी नसेल त्याने कोकणात हा खेळ नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावी परतल्यावर साहित्य गोड्या पाण्याने धुणे हे फार मोठे काम नसले तरी चुकवू नये. चाकांच्या बेअरिंगांत राहिलेले खारे पाणी आठवडाभरात गंज आणते.

आता ज्यांना समुद्रापर्यंत जाणे इतक्यात शक्य नाही, किंवा जाण्यापूर्वी हात बसवावयाचा आहे, त्यांनी मराठवाड्यातच काय करावे? उन्हाळ्यात आटलेल्या तलावांची पात्रे पाहून अनेकांना इव्हनपाची आठवण होते. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली त्या वर्षी, धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि छायाचित्रांत तो सपाट दिसे. परंतु आमची काळी माती वाळताना आकसते आणि तिला पडणाऱ्या भेगांत गाडीचे लहान चाक सहज जाते. ओली झाली तर ती चाकाला चिकटून त्याचा गोळा करते. इव्हनपाचा तळ जी गुळगुळीत कठीण पाटी धरतो, ती काळ्या मातीला साधत नाही. आपल्याला योग्य जमीन आहे ती मुरमाड माळांची. बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा-आष्टीच्या बाजूस, पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा अभ्यास करूनच त्या तेथे उभारल्या गेल्या, आणि आषाढात त्या पठारावर पश्चिमेचा वारा दिवसचे दिवस एका लयीत वाहतो. नांदेड गोदावरीच्या काठी, सखल भागात असल्यामुळे तेथे तितका वारा मिळत नाही. लातूर जिल्ह्याच्या पश्चिमेचे माळ त्या मानाने बरे. फळीची चाके मोठी घेतल्यास ती मुरमावर चालते. गाडीस दगडगोट्यांचा त्रास होतो.

असा माळ निवडताना तो सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे हे तलाठ्याच्या दप्तरातून पाहावे; गायरान असेल तर ग्रामपंचायतीची संमती आणि गुराख्यांशी बोलणे, खाजगी असेल तर मालकाची परवानगी. विजेच्या तारा कोठून जातात हे पाहून त्यांच्यापासून दोऱ्यांच्या लांबीच्या कित्येक पट दूर राहावे. लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणच्या विमानतळांच्या आसमंतात पतंग काढूच नये. चैत्र-वैशाखातील भर दुपार टाळावी, कारण तापलेल्या रानावरून उठणारी वावटळ आमच्याकडे पाचोळ्याबरोबर पत्रेही उचलते, आणि तिच्या तावडीत सापडलेला पतंग स्वाराला कोणत्या दिशेस फेकील हे सांगता येत नाही. सकाळचे सात ते नऊ किंवा दिवस मावळतीकडे झुकल्यानंतरचा तास त्यापेक्षा हितावह. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या म्हणजे वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे असे ब्यूफोर्टच्या प्रमाणाने समजावे, आणि नवशिक्याने त्याच वाऱ्यात, तीन चौरस मीटरांहून लहान पतंग घेऊन, प्रथम नुसते उभे राहून शिकावे. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की वारा २० च्या पुढे गेला. तेव्हा पतंग पिशवीत घालावा.

आषाढात पाऊस दोन दिवस उघडला की मुरूम वाळतो, काळ्या शिवारात पाय घालण्याची सोय नसते, पेरण्या आटोपलेल्या असतात आणि माळावर वारा असतो. सरावाला याहून चांगले दिवस आमच्याकडे नाहीत. मात्र त्याच दिवसांत मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, आणि ओल्या दोऱ्या हातात धरून उघड्या माळावर उभा असलेला माणूस त्या संकटाच्या अगदी वाटेत उभा असतो. दूरवर कोठेही गडगडाट ऐकू आला तर आभाळ आपल्या माथ्यावर येण्याची वाट न पाहता खालच्या दोन दोऱ्या आवळून पतंग उतरवावा, त्याच्या मागच्या कडेवर मुरूम टाकावा, दोऱ्या गुंडाळाव्यात आणि माळ सोडून पक्क्या छपराखाली यावे.